स्पॅममध्ये पडलेले काजूचे भाव

३ सप्टेंबर
लिहायला बसले, कारण आज शांतानं फोनवर सरळ विचारलं, "बाई, मेल खरंच पाठवलाय न्हवं?" आजऱ्याच्या बायकांच्या काजू गटाची ती अध्यक्ष. गटाचा पत्रव्यवहार मी इथून कोल्हापुरातून बघते. मिठाईवाल्या शेटजींना दिवाळीचे भाव तीनदा कळवले. उत्तर नाही. त्यांचा माणूस आजऱ्यात सांगून गेला, तुमच्याकडून काहीच आलं नाही. ही ऑर्डर गेली तर ऐन हंगामात बायका घरी बसणार. आणि शांताला वाटतं, मी आळस केला. मी!

४ सप्टें.
शांताला बोलावून घेतलं. दोघी शाहूपुरीत शेटजींच्या ऑफिसात. माझ्या घरापासून दोन गल्ल्या. शेटजींचं तेच, मेल नाही. म्हटलं, स्पॅम उघडा. उघडलं. लॉटरी, टक्कलावरचं औषध, झटपट कर्ज, आणि त्यांच्यात माझी तिन्ही पत्रं. एक अक्षर खोटं नसलेली.
शांता वाकून बघत राहिली. "हायत की हितं. पर ह्यास्नी हितं टाकलं कुणी?"
ऑफिसातल्या कुणीच टाकलं नव्हतं.
निर्णय शेटजींच्या पुण्यातल्या भावाचा. त्यांना दर मेलवरच लागतात, तेही थेट गटाकडून. अजून कुणाला होकार दिलेला नाही, एवढं बरं.

६ सप्टें.
सून वैशालीला फोन. कंपन्यांच्या मेलचंच काम करते. तिनं आधी विचारलं, गटाचे मेल आणखी कुणाला जातात? सगळ्यांना. प्रदर्शनात स्टॉलवर मूठभर भाजके काजू चाखायला देतो, मेलचा पत्ता लिहून घेतो. मग पाडवा, बेंदूर, दसरा, प्रत्येक सणाला शुभेच्छा. एकदम सगळ्यांना.
वै. हसली. "आई, काजूसाठी माणसं वाट्टेल तो पत्ता लिहितात."
कितीतरी पत्ते मुळात नाहीतच. जे खरे, त्यांतल्या काहींनी कंटाळून 'स्पॅम' दाबलं. आलेले मेल चाळणारा फिल्टर हे सगळं ध्यानात ठेवतो. शिवाय गटाच्या नावानं मेल कुठून निघतात, याची इंटरनेटवर नोंद आम्ही कधी केलीच नाही. म्हणजे पत्र आमचंच, याला पुरावा नाही.
फोन ठेवला. जगभरची पत्रं क्षणात चाळणारं काहीतरी आहे. त्याला डोळे नाहीत, रागलोभ नाही. मी काय लिहिलं एवढंच बघत नाही, आजवर कशी वागले तेही बघतं. सांगलीत कुणी वैतागून एक बटण दाबलं आणि इकडे आजऱ्याचं काम अडलं. इतकं बारीक, इतकं दूरचं धरून ठेवणारं... माणसाला जमलं नसतं.

९ सप्टें.
वै.नं ती नोंद करून दिली. खोटे पत्ते गाळले. शुभेच्छा बंद. शांता तापली. "वळख ठिवली, त्यो गुन्हा व्हय?" गुन्हा नाही म्हटलं, पण ज्यांनी मागितल्या नाहीत त्यांना पाठवायच्या नाहीत. तिला पटलेलं नाही.
शेटजींनी त्यांच्याकडे 'स्पॅम नाही' केलं. पुण्याचा फिल्टर वेगळा. वै. म्हणते, नाव बिघडतं लवकर, सुधारायला वेळ लागतो.

११ सप्टें.
सकाळी पुण्याला भाव पाठवले. साधा मजकूर, एकच पत्ता. पाठवण्याआधी पत्ता तीनदा तपासला. मी! मेल कुठे पडला असेल, कळायला मार्ग नाही. शेटजी म्हणाले, भाऊ सोमवारी ठरवतील.
मेल नाहीच दिसला तर हाती असावं म्हणून आज शाहूपुरीत दिलं: अख्खा काजू एक किलो, पाकळी एक किलो, सहीशिक्क्याचं भावपत्रक. देणार शांता, घेणार शेटजी. पोच घेतली.