त्याची सही असलेली प्रत

सोमवार, ३ मार्च

तो येतोय! पुढच्या सोमवारी, सकाळच्या हजेरीला. निवृत्त साहेबांचं व्याख्यान – ‘पथकातला विश्वास आणि नेतृत्व’. पोलीस ठाण्याच्या फळ्यावरची नोटीस मीच टाइप केली.

बावीस वर्षं झाली. मी तेव्हाही वायरलेसच्या खोलीतच होते. फोन आला – गोदामात चोर एक नाही, दोघं आहेत, दुसऱ्याकडे सुरा आहे. निरोप पॅडवर लिहिला, पळत साहेबाकडे नेला. त्याने पॅडवरच सही केली, वरचा कागद फाडून खिशात घातला आणि चहा संपवत बसला. एकच माणूस आहे असं समजून पथकातला दादा आत गेला. परत आला नाही.

चौकशीत साहेब म्हणाला, “मला निरोप मिळालाच नाही.” सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

खालची कार्बन प्रत माझ्याकडे आहे. शाळेतल्या प्रार्थनेच्या पुस्तकात.

मंगळवार, ४ मार्च

ती प्रत तेव्हाच का दाखवली नाही? नोकरी नवी, आई अंथरुणावर. आणि कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी हाडीमांसी मुरवलेलं – मोठ्यांना उलट बोलायचं नाही.

दादा सख्खा नव्हता. गाडीतून वायरलेस सेट सुरू केला की आधी विचारायचा, “ताई, जेवलीस?” मग कामाचं. अजून कधीकधी सेटवर खरखर झाली की मी “हो” म्हणते.

त्याच्या बायकोने, वहिनीने, माझ्या तोंडावर दार लावलं होतं. तिला आज चिठ्ठी पाठवली. सोमवारी या. एवढंच.

गुरुवार, ६ मार्च

ठाण्याच्या नव्या इन्चार्ज मॅडमची एक रीत आहे. सोमवारच्या हजेरीत आधी स्वतःची आठवड्यातली चूक सांगतात, मग ज्याला बोलायचं तो बोलतो. पहिल्या खेपेला जाड्या ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, मी सुरुवात केली तर ड्यूटी संपेल.” त्या म्हणाल्या, “मग बसून सांगा.” आता सगळे बोलतात. मी सोडून.

या सोमवारी बोलणार. त्याच्यासमोर, वहिनीसमोर. त्याचा चेहरा उतरताना बघायचाय. मला दया नको यायला.

शनिवार, ८ मार्च

दुपारी दोनला सोमवारचं भाषण चौथ्यांदा लिहीत होते. एका दुकानदाराचा फोन – मागच्या गल्लीतल्या भांडणात एकाच्या हातात कोयता आहे. पॅडवर उतरवून घेतलं. मॅडमनी जाड्याला त्या भांडणाकडे आधीच पाठवलं होतं. हे एक वाक्य पुरं करते, मग सेटवर सांगते, असं म्हटलं. वाक्य होतं – ‘तुम्ही चहा पीत होतात.’

वाक्य नीट जमेना. जमलं तोवर जाड्या गल्लीत पोचला होता.

दंडाला अकरा टाके.

मॅडमनी विचारलं, “काही निरोप आला होता?” माझ्या तोंडून निघालं, “मला निरोप मिळालाच नाही.”

पॅडचं पान पर्समध्ये आहे.

रविवार, ९ मार्च

सकाळी मॅडम वरिष्ठांशी फोनवर बोलत होत्या. दार अर्धवट उघडं. “खात्री न करता मी आत पाठवलं, सर. माणसं माझी आहेत. जबाबदारीही माझीच.”

मग दवाखान्यात गेले. जाड्या म्हणाला, “बाई, तोंड पाडून बसू नका. निरोप आला असता तर तुम्ही दिलाच असता. ठाण्यातली पोरं म्हणत होती, बाईंना विचारा. मी म्हटलं, काही गरज नाही.” वर हसला. “गाडी तेवढी दुसऱ्याला देऊ नका. क्लच जाळतात.”

मी उशी सारखी केली.

असाच तेव्हा साहेबही दुसऱ्या दिवशी दादाच्या घरी गेला होता. वहिनीशेजारी खाली मान घालून बसला होता. त्या मानेचा मला बावीस वर्षं राग आहे.

रविवार, रात्री

वहिनीचं उत्तर आलं – येते.

दोन्ही कागद – त्याची प्रत आणि माझं कालचं पान – एका टाचणीत लावले. दोन्ही वाचणार. आधी माझा.