फर्गलच्या छातीवर माझे हात

प्रिय ओरला,

फर्गल जिवंत आहे, आणि तो माझ्यामुळे जिवंत आहे. तुझा हात मोडणारा, तुला बॉस्टनला पळून जायला लावणारा तुझा नवरा.

मेयो परगण्याच्या या टोकाला रुग्णवाहिका पोचेपर्यंत माणूस संपतो. म्हणून गावच्या सभेत मीच गरजले होते: शेजाऱ्यासाठी शेजाऱ्यानेच धावायचं, दार कुणाचं ते विचारायचं नाही! शेजारचा मर्टी आणि मी प्रथमोपचार शिकून स्वयंसेवक झालो. महिन्यापूर्वी, रविवारच्या प्रार्थनेनंतर फोनवर निरोप आला. हृदय बंद, आणि पत्ता तुझ्या घराचा.

मी उंबऱ्यातच थबकले.

"बाई, सभेत भाषण ठोकलंस ना? मग आत चल!" मर्टी ओरडला.

मी फर्गलची छाती दाबत राहिले. एक बरगडी कडकन मोडली आणि मला बरं वाटलं, ओरला. त्याचीही लाज वाटते. मग मर्टीने हृदय सुरू करायच्या यंत्राचा झटका दिला आणि फर्गल श्वास घेऊ लागला.

काल फर्गल दुकानात भेटला. "डर्व्हला, बहिणीला कळव, मी ठणठणीत आहे. आता तरी घरी ये म्हणावं."

पाव घेऊन मी बाहेर पडले.

तो मेला की आईच्या थडग्यापाशी येईन, असं तू म्हणायचीस. मरण त्याच्या घरात आलं होतं. ते मी माघारी धाडलं. हे पत्र मी टपालात टाकणार नाही, कारण क्षमा मागायची तर पुन्हा असं करणार नाही म्हणावं लागेल. आणि त्या घरातून पुन्हा बोलावणं आलं, तर मी पुन्हा धावेन.

तुझीच म्हणवत नाही, तरी तुझी ताई,
डर्व्हला