समोर बसवलेला माणूस

डोंबिवली (पश्चिम),
९ फेब्रुवारी १९८८

प्रिय तुळसाताईस,
शालूचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत धरतो, पण कोपरच्या बाजारात जायचं ती काही सोडत नाही. मधुचा खोकला थांबला का?

रविवारी भिवादादा खडवलीला येईल, तुझ्यासाठी आणलेल्या त्या स्थळाचं बोलायला. ताई, तू इतक्यात हो म्हणू नकोस. का ते लिहिते. दोनदा कागद फाडलाय.

माझ्या चित्रकलेच्या क्लासचं तुला माहीतच आहे. आतापर्यंत बादली, वांगी, घड्या पडलेलं फडकं, असंच काढत होतो. परवा केणी सरांनी पहिल्यांदा खरा माणूस समोर बसवला. विठ्ठलवाडीहून कुणीतरी आणलेला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, अंगात ढगळ सदरा. सर म्हणाले, "एक डोळा मिटा, हात लांब करून पेन्सिलीने माप घ्या. मनातला चेहरा काढू नका. समोर दिसतो तो काढा."

मी माप घेतलं. कपाळ, नाक, हनुवटी. मग डावा कान काढायला घेतला आणि पाळीला खाच दिसली. मधु तान्हा असताना त्याने बाळी ओढून फाडलेली.

ताई, ते भाऊजी होते.

नदीकाठी कपडे सापडले म्हणून ज्यांना सगळ्या गावाने गळ टाकून शोधलं, ते माझ्यासमोर स्टुलावर बसलेले! त्यांनीही मला पाहिलं होतं. पण सरांनी हलायचं नाही म्हणून बजावलेलं, ते भिंतीकडे बघत राहिले. डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरलं, तेही पुसलं नाही.

शेजारची सुमती कुजबुजली, "अगं, तो बघ, रडतोय."

मी काढत राहिले.

सर माझ्या मागे येऊन थांबले. "हात चुकलाय. बोटं सरळ काढलीस. नीट बघ." बघितलं. उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं होतं. खोडून तसं काढलं. आपण काय काढतोय ते मला कळलं नव्हतं गं.

क्लास सुटल्यावर त्यांना जिन्यात गाठलं.

"शालू, लांब उभी राहा."

"का?"

त्यांनी हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "महारोग आहे, पोरी. तुळसाला कळलं असतं तर ती मला सोडून गेली नसती. तिला लागला असता, मधुला लागला असता. म्हणून मीच गेलो."

इतकी वर्षं तू लोकांचं काय काय ऐकलंस, आणि हा माणूस कल्याणच्या पुढच्या स्टेशनावर! भयंकर राग आला. पण तो हात बघून राग टिकेना. मी तो हात धरला. ते घाबरून ओढायला लागले, मी सोडला नाही.

दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, आता कुणाला लागायचा नाही, बोटं तेवढी तशीच राहतील. त्यांना स्वतःला ते खरं वाटत नाही. "तुळसाला सांग, मेला तो मेलाच," म्हणाले आणि निघाले. मी मागोमाग गेले, खोली बघून आले. विठ्ठलवाडी स्टेशनाजवळ, पिठाच्या गिरणीमागे, चाळीतली शेवटची.

घरात अजून कुणाला बोलले नाही. आधी तुझा हक्क. तू ठरवशील त्यात मी तुझ्या बाजूने.

तुझी
शालू


खडवली,
१७ फेब्रुवारी १९८८

शालू,
पत्र वाचताना खाली बसले ती संध्याकाळपर्यंत उठलेच नाही. रविवारी भिवादादाला चहा देऊन परत पाठवलं.

सोमवारी एकटीच गेले. दार उघडं होतं. मला बघून ते कोपऱ्यात सरकले. "जवळ येऊ नकोस."

म्हटलं, "तुमचं तेरावं घातलं मी, कपाळ पुसलं. आता आणखी काय व्हायचं राहिलंय?"

मग तोंडाला येईल ते बोलले. चाळ गोळा झाली. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी माझाच आवाज बसला, तेव्हा नेलेली भाकरी वाढली. हातातून घास सांडत होता. मी भरवला.

मधुला कसं सांगू तेही सुचत नाही. पुढच्या खेपेला दवाखान्यात मी सोबत जाणार आहे. घरी कधी न्यायचं ते डॉक्टरलाच विचारते.

तुमच्या सरांना सांग, दुसरा माणूस बघा. हे आता यायचे नाहीत.

तुझी ताई,
सौ. तुळसा गोपीनाथ