सामाईक आभाळ

मखमलाबाद, नाशिक
दिनांक ९ ऑगस्ट २००१

मी, गोटीराम, वय वर्षे एकाहत्तर, इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा फुलशेती, पंचांत बसण्याचा मान असलेला गृहस्थ, पूर्ण शुद्धीवर राहून लिहितो की,

कळवणनिवासी व्याही राजमान्य खंडेराव यांस रामराम. आपली प्रकृती, विहीणबाईंचे गुडघे व बैलजोडी यांची खुशाली कळवावी. आपली कन्या, म्हणजे आमच्या सूनबाई सुवर्णा, सुखरूप आहेत. (या क्षणी घरात नाहीत. कारण पुढे येईल.)

गेल्या महिन्यात बाजारातून परत आलेल्या झेंडूच्या पाटीत वर्तमानपत्राचा अर्धा कागद होता. त्यात एका चिमुकल्या बेटांच्या राज्याची हकीकत होती. त्या राज्याकडे स्वतःचा उपग्रह एकही नाही. मात्र उपग्रह ठेवण्याच्या आभाळातील जागा त्यांनी इतरांच्या आधी आपल्या नावे लावून घेतल्या, आणि आता परके लोक त्यांना भाडे देतात. व्यवहार खाजगी कंपनीकडे, कंपनी राजकन्येकडे. म्हणून तेथील सभेत गदारोळ की, आभाळ सर्वांचे, तर भाडे एकाच घरात का? निकाल काय लागला ते उरलेल्या अर्ध्या कागदावर असावे.

मी त्यातील केवळ उपयुक्त भाग घेतला. केबलवाल्या मल्हारीची तार आमच्या झेंडूवरून जाते. त्यास बोलावून आभाळभाडे मागितले. त्याने डोके खाजवले व भाड्याऐवजी फुकट जोडणी दिली. नवसाबाईंनी (आमच्या मंडळींनी) लग्नानंतर प्रथमच माझ्या शिक्षणाची तारीफ केली.

लगोलग धाकटे बंधू फकिरा बांधावर हजर. (वाटणीपासून आमचे बोलणे नाही. तो बांधाशी बोलतो, मी ऐकतो.) बांधाला म्हणाला, "जमीन वाटली, बैल वाटले, विहिरीला पाळी लावली. आभाळ कधी वाटलं रे? ते सामाईकच हाय ना?" मी पंचांत बसणारा माणूस, न्याय त्याच्या बाजूने दिसला. विहिरीच्या पाण्याप्रमाणे जोडणीलाही पाळी लागली : एक दिवस आमच्याकडे, एक दिवस त्याच्याकडे.

येथे माझा अंदाज चुकला. पाणी पाळीने जाते तेव्हा माणसे घरीच राहतात. हिंदी मालिका मात्र रोजची. फकिराच्या दिवशी नवसाबाई, सूनबाई, नातवंडे, सर्व बांध ओलांडून तिकडे, जेवणही तिकडेच. मी सकाळची भाकरी खातो, ओट्यावर येतो, आत जातो, पुन्हा ओट्यावर येतो. (हे वाक्य लिहितानाही एकदा जाऊन आलो.) वाऱ्यावर मालिकेचे संगीत तेवढे येते, शब्द येत नाहीत. थोरल्या भावाने बोलावणे आल्यावाचून जावे कसे? काल आमच्या पाळीत मालिकेतील सासूने दुधात काहीतरी कालवले. ते दूध आज कोण प्याले? नवसाबाईंना विचारावे तर म्हणतात, "पाय मोडलेत का? भावजींकडं या नि बघा!"

आपला,
गोटीराम

ता. क. आपण कन्येच्या भेटीस यावे. फकिराच्या पाळीच्या दिवशी यावे. व्याह्यांना तो जेवायला बोलावणारच. आणि पाहुण्यांच्या पंगतीस घरातील वडीलधाऱ्याने बसावे अशी रीत आहे. फकिराच्या घरातील वडीलधारा मीच. रीत मोडणे मला जमणार नाही. मी लिहिल्याचे सांगू नये.

पुन्हा ता. क. मालिकेसाठी जीव कासावीस झाला असे समजू नये. बेटाच्या बातमीचा उरलेला अर्धा कागद फकिराच्या पाटीत गेला असावा, तेवढाच पाहायचा आहे. परंतु दुपारच्या जेवणास नव्हे, रात्री मालिकेच्या वेळेस यावे.

साक्षीदार म्हणून हजर : ओट्याखाली बांधलेली म्हैस. बाकी सर्व फकिराकडे हजर आहेत.