चाकूचं नाव कुणी काढलं?

६ नोव्हेंबर

सरकारी वकील हॅडलीबाईंनी आज तिसरं नाव वाचलं आणि त्या क्षणी मी उडालोच — रूबेन सेपुल्वेडा! माझ्या डीलियाचा भाऊ! (माझ्या म्हणे. तिला अजून पत्ताही नाही.)

कॉलेज अर्धवट टाकून जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढणाऱ्या मला ग्रँड ज्युरीत बोलावलं, तेव्हा हसलो होतो. आता कसलं हसू! आम्ही बारा जण एका खोलीत. न्यायाधीश नाही. आरोपी नाही, त्याचा वकीलही नाही. फक्त हॅडलीबाई आणि त्यांचे पोलीस. गुन्हा केला की नाही ते आम्ही बघायचंच नाही. खटला भरण्याइतपत काही आहे का, एवढंच. नऊ हात वर झाले की आरोप पक्का. एकच बाजू ऐकायची आणि हात वर करायचे! मीही करतच होतो.

रूबेनच्या प्रकरणातला पोलीस आला नाही, म्हणून प्रकरण पुढच्या बैठकीला. ओळखीचं नाव निघालं तर सांगून बाहेर जायचं, असा नियम. मी गप्प बसलो. मी उठलो तर त्याच्यासाठी भांडणार कोण?

९ नोव्हेंबर

डीलिया टाकोच्या गाडीवर भेटली. डोळे सुजलेले.

"रूबेनच्या मुकादमानं आधी चाकू काढला, कोल्बी! मी रूबेनचा डबा घेऊन कामावर गेले होते, या डोळ्यांनी पाहिलं. मग रूबेननं पहार उचलली. पोलिसांना सांगून सांगून थकले. लिहूनच घेत नाहीत मेले!"

आतलं काही बाहेर बोलायचं नाही — शपथ घेतलीय. तिचा हात धरावासा वाटला. साल्साची वाटी पुढे सरकवली. गाढव!

१४ नोव्हेंबर

संताप. नुसता संताप. तिचं कुणी लिहून घेत नाही आणि मला तोंड उघडता येत नाही.

२० नोव्हेंबर

पोलीस आला. मुकादमाचं फुटलेलं डोकं, पहार, फोटो. संपलं! आता आम्ही मत द्यायचं, म्हणून हॅडलीबाई बाहेर निघाल्या. आमचे प्रमुख प्रुएट, जुने फुटबॉलचे मास्तर, म्हणाले, "चला मंडळी, करा हात वर. बार्बेक्यू थंड होतंय."

डोकंच सटकलं. ओरडलो, "आणि चाकूचं काय?"

हॅडलीबाई दारातून वळल्या. "चाकूचं नाव इथे कुणी काढलेलंच नाही, मिस्टर कोल्बी ट्रुएट. तुम्हाला कुठून कळलं?"

मेलो! सगळं ओकलो — ओळख, डीलियानं काय पाहिलं ते, सगळं.

"ऊठ पोरा," प्रुएट म्हणाले. माझं मत गेलं.

बाहेर आलो तर समोरच्या बाकावर डीलिया! कुणी बोलावलं नव्हतं, तरी सकाळपासून येऊन बसलेली.

"तू आत होतास? त्यांच्यात?"

मी भिंतीला टेकलो. थोड्या वेळानं शिपाई आला. "डीलिया सेपुल्वेडा कोण? आत बोलावलंय."

२१ नोव्हेंबर

नऊ हात भरले नाहीत! आरोप नाही! रूबेन सुटला!

धावत तिच्या घरी गेलो. वाफवलेल्या तमालेंचा वास, रूबेन टेबलाशी. डीलिया मला बस म्हणाली नाही.

"देवानंच तुला तिथून हाकललं. तू आत असतास तर माझा भाऊ आज तुरुंगात असता."

सगळं जिभेवर आलं होतं. पण आतलं बाहेर बोलायचं नाही, ती शपथ!

"बरं," म्हणालो. बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.