तिसऱ्यांदा विचारल्यावर दिलेला होकार मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. ज्यूरी व्यवस्थापक,
जिल्हा न्यायालय, ओस्टबी कौंटी, मिनेसोटा.

विषय: ज्यूरी निवडताना मी सांगितलेला पक्षपात बाजूला सारून मलाच निवडल्याबाबत तक्रार.
संदर्भ: आपल्या कार्यालयास केलेले दोन फोन.

महोदय,

मी खाली सही करणारी आर्डिस हेगस्टाड, वय ६१, शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीस. ट्रॅव्हिस लाहटी या तरुणावरील गवताची कोठी जाळल्याच्या खटल्यात मी ज्यूरी सदस्य क्रमांक सात होते. आम्ही बारा जणांनी त्याला दोषी ठरविले. शिक्षा २१ मार्चला सुनावणार आहेत. त्याआधी हा अर्ज मा. न्यायाधीश व आरोपीचे वकील यांच्यापुढे ठेवावा.

१. निवडीच्या दिवशी साक्षीदारांची नावे वाचली, तेव्हा पोलीस डेप्युटी वेंडल स्क्राम यांच्या नावाला मी हात वर केला. नऊ वर्षांपूर्वी माझे यजमान ऑर्विल गोठलेल्या तळ्यावर मासे धरताना बर्फ फुटून पाण्यात पडले, तेव्हा याच वेंडलने पोटावर सरपटत जाऊन त्यांना बाहेर ओढले. मी भर न्यायालयात म्हणाले, "वेंडल म्हणाला सूर्य पश्चिमेला उगवतो, तर मी पश्चिमेची खिडकी उघडीन. मला घेऊ नका." लोक हसले. पक्षपात याहून स्पष्ट कसा सांगतात, ते मला लेखी कळवावे.

२. मा. न्यायाधीशांनी विचारले, "ते बाजूला ठेवता येईल ना, बाई?" मी म्हणाले, "नाही वाटत." पुन्हा गोड आवाजात, "दोन्ही बाजू ऐकाल ना?" मी म्हणाले, "कठीण आहे हो." तिसऱ्यांदा, "पण प्रयत्न तर कराल?" महोदय, आपणही इथलेच. आपल्याकडे कॉफीबरोबरचा केकसुद्धा दोनदा नको म्हणायचा आणि तिसऱ्यांदा घ्यायचा. तेव्हाही नको म्हणणारा उद्धट ठरतो. मी म्हणाले, "बरं, करीन प्रयत्न." तेवढ्यावर मला खुर्ची दिली. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण माझ्या भिडेपायी भीक ट्रॅव्हिसला लागली. याबद्दल मला आपला आणि स्वतःचा, दोघांचाही संताप येतो.

३. जळत्या कोठीपासून पळणारा माणूस ट्रॅव्हिसच होता, असे सांगणारा एकटा वेंडल, आणि त्याने पाहिले तेही तिन्हीसांजेला, पडत्या बर्फातून. ज्यूरीच्या खोलीत पाच जण कचरत होते. एक म्हणाला, "तेवढ्या बर्फात मला माझी गाडी सापडत नाही." मी म्हणाले, "वेंडल खोटं बोलत नाही. बस्स." जेवणाआधी पाचही जण वळले. मी केलेला प्रयत्न तो हा.

४. गेल्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी घेताना वेंडल मला म्हणाला, "तू ज्यूरीत दिसलीस आणि माझा जीव भांड्यात पडला गं." खरे सांगणाऱ्याला घोर कसला, असे मी विचारले. तो म्हणाला, "चालीवरून ओळखला मी त्याला. तोंड कुठलं दिसतंय त्या बर्फात!" साक्षीत मात्र त्याने शपथेवर चेहरा पाहिल्याचे सांगितले होते.

५. आपल्याकडे मी फोन केला, तर घरी आभाराचे प्रमाणपत्र आले. पुन्हा केला, तर निकालानंतर ज्यूरीचे ऐकत नाहीत, असे कळले. आधी सांगितले तर बाजूला ठेवा, नंतर सांगितले तर उशीर झाला. मग माणसाने बोलायचे तरी कधी, झोपेत?

तरी ज्यूरीसाठी बोलावताना धाडता त्या सूचनापत्रावर, गाडी कुठे लावावी याच्याही वर, ठळक छापावे की "प्रयत्न करीन" म्हणजे "नाही". एकदा नाही म्हणणाऱ्याला पुन्हा विचारू नये, आणि सांगणे जड जाईल त्याला एकांतात बोलावावे.

आपण विचाराल, आता तरी वेंडलवरचा विश्वास उडाला ना? नाही, महोदय. त्या रविवारी घरी जाऊन मी यजमानांना म्हणाले, "वेंडलची काहीतरी गफलत झाली असेल. तो खोटं नाही बोलायचा." ते समोर बसून सूप पीत होते, धडधाकट. त्यांच्याकडे बघून मला दुसरे काही म्हणताच येईना. अशा बाईच्या मतावर एका तेवीस वर्षांच्या पोराला तुरुंगात धाडू नका.

यापुढे भीड न बाळगणारी,
आर्डिस हेगस्टाड
दि. ६ मार्च

सोबत: आभाराचे प्रमाणपत्र (परत).