गोधड्यांखाली झाकलेल्या मशीनबाबत

प्रति,
मा. विस्तार अधिकारी साहेब,
पंचायत समिती, दौंड

विषय : माझं शिलाई मशीन काढून गौतमीला देऊ नये याबाबत.
संदर्भ : मंगळवारी आपण आमच्या वस्तीवर येऊन गेलात ते.

महोदय,

अर्जदार माया नवनाथ सोनवणे, राहणार कासुर्डी, सविनय लिहिते की आधी नुसतं ऐकून घ्या, मग काय ते ठरवा.

मालक वारल्यापास्नं मला निराधारचा पगार हाय. शेजारच्या गौतमीलाबी हाय. आमची कमाई वाढावी म्हणून तुम्ही दोघींना मशीन दिलं. एकाच टेम्पोतनं आणलं, हे ध्यानात घ्यावं.

आता आमच्या वस्तीची रीत अशी, की साहेब येणार म्हटलं की टीव्ही खाटंखाली जातो. घरात काही दिसलं की गरिबीचं पिवळं रेशनकार्ड जाईल ही धास्ती. वस्तीतल्या सगुणाबाई आत्या म्हणाल्या, "माया, मशीन झाक. पगार बंद करतील." मी वर गोधड्या रचल्या, गोधड्यांवर उशी ठेवली. तुम्ही विचारलंत तवा म्हणाले, "गिऱ्हाईक न्हाई साहेब, मशीन पडून हाय." अर्धा शिवलेला परकर तवाबी सुईखालीच होता.

आन् गौतमीनं मशीन उंबऱ्यात मांडलं. तुम्हाला खुर्ची, चहा, वर तुमच्या शर्टाचं लोंबतं बटण बसल्याजागी टाचून दिलं. तुम्ही तिला म्हणालात, "कमावलं म्हणून पगार बंद होत नाही, घाबरू नका. मायाबाईंचं पडूनच आहे, तेही तुम्हीच घ्या." हे मी भिंतीपलीकडनं ऐकलं. साहेब, हे आधी माझ्या दारात बोलला असता तर.

दुसऱ्या दिवशी ती नळावर सगळ्यांदेखत म्हणते, "माया, तुझ्या मशीनचा पट्टा नवा हाय ना गं? मला बदलायला नको." बाया हसल्या. तिनं शिवलेला ब्लाउज काखेत ओढतो, तरी बाया तिच्याच दारात, कारण तिनं बटण लावलं ते साहेबाचं.

तरी विनंती की मशीन माझ्याकडंच राहू द्यावं. न सांगता कवाबी या, मी उंबऱ्यात शिवत बसलेली दिसंन. आन् न्यायचंच असलं तर शिरूरला द्या, पाबळला द्या, पण भिंतीपलीकडं नको. त्याची खडखड मला घरात ऐकू येईल.

खोटं बोलले, कबूल. पण साहेब, पगारबी पाहिजे आन् मशीनबी पाहिजे, आन् दारात जीपगाडी थांबलेली, तर माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

आपली, उत्तराची वाट बघणारी,
माया नवनाथ सोनवणे
दि. १४ ऑगस्ट २००३

सोबत : मी शिवलेला ब्लाउज, एक नग. काख ओढून बघावी.